बाबांची सरकारी मधपेटी

मधमाश्या पाळायच्या आहेत, पेटी कोणती घ्यावी, असं विचारायला हल्ली अधूनमधून कोणीतरी येतं. इंदूरला राजेंद्र नगरातल्या आमच्या घरामागे दोन-तीन पेट्या आहेत आणि तेवढ्यावर मी कॉलनीत जाणकार ठरलो आहे. परवा एका बँकेतला तरुण आला. "काका, एक बाहेरची मोठी पेटी मिळतेय. एकदम बढिया चीज आहे. घेऊन टाकू?"

"माश्या कुठल्या ठेवणार?" मी विचारलं.

"अहो, माश्यांचं काय, त्या मिल जाएगी."

हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. आमच्या घरात नेमकं हेच झालं होतं. आधी पेटी आली, माश्या नंतर. आणि पेटी मोठी होती.

ती मध्य भारत राज्याची वर्षं. इंदूर संस्थान विलीन होऊन फार काळ झाला नव्हता. आम्ही पलासियाला एका बंगल्याच्या मागच्या भागात भाड्यानं राहत होतो. आज तिथं दवाखाने, क्लासेस आणि हॉर्नचा कलकलाट आहे. तेव्हा बंगल्याचं आवार संपलं की शेतं सुरू व्हायची. थंडीत धन्याची आणि मोहरीची फुलं, उन्हाळ्याच्या तोंडावर कडुनिंब आणि चिंच. आवारात जामची चार झाडं होती. पेरूला आम्ही इंदूरवाले जामच म्हणतो. पुण्याहून पाहुणे आले की त्यावरून आमची थट्टा ठरलेली.

बाबा संस्थानच्या बागखात्यात होते. कुठल्या बागेत कुठलं कलम कधी लावलं हे त्यांना तोंडपाठ असे. विलीनीकरणानंतर ते खातं राहिलं नाही. बाबांना मुदतीआधी पेन्शन मिळालं आणि त्याच सुमारास मला नव्या सरकारच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. म्हणजे ज्या सरकारनं त्यांचं खातं गुंडाळलं, त्याच सरकारचा पगार मी घरी आणत होतो. यावरून बाबा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटे. पहिल्या पगाराचे पेढे त्यांच्या हातावर ठेवताना मी मान वर केली नव्हती. त्यांनी पेढा खाल्ला आणि "सराफ्यातल्या हलवायाचा दिसतो," एवढंच म्हणाले.

सकाळी ते पूर्वीसारखेच उठत. आंघोळ, पूजा झाली की आरशासमोर उभं राहून साफा बांधत, नीट बसला का बघत, आणि मग पडवीतल्या खुर्चीत जाऊन बसत. कुठं जायचं नसे. आई मला हळूच म्हणायची, "साफा बांधताहेत ना रे, तोवर ठीक आहे."

एक दिवस बाबा बाहेर गेले आणि टांग्यातून दोन मोठ्या लाकडी पेट्या घेऊन आले. बागखात्याचं सामान लिलावात निघालं होतं. ते फक्त बघायला म्हणून गेले होते.

"हे काय आणलंत?" आईनं विचारलं.

"मधपेट्या आहेत. महाराजांनी हौसेनं विलायतेहून मागवल्या होत्या. वापरल्या गेल्याच नाहीत."

"मग आता आपण वापरायच्या?"

"सियागंजचा एक किराणेवाला बोली लावत होता. गूळ ठेवीन म्हणत होता त्यात." बाबांनी हे असं सांगितलं, की जणू त्या माणसानं देवघरात गूळ ठेवायचं म्हटलं होतं. "त्यावर चिन्ह आहे, दिसत नाही का?"

खरंच, प्रत्येक पेटीच्या दर्शनी फळीवर संस्थानचं राजचिन्ह डागून उमटवलेलं होतं. चांगलं जाड लाकूड, सांधे असे की नख जाऊ नये. वरचं झाकण उचललं की आत दहा लांबलचक चौकटी टांगलेल्या. माश्यांनी या चौकटींत पोळं बांधायचं आणि आपण एकेक चौकट उचलून बघायची, अशी ती युक्ती. मला ती फार आवडली. पण त्याहून जास्त आवडलं ते हे, की बाबा खुर्चीतून उठले होते. साफा काढून खुंटीला लावून ते दुपारभर ओल्या फडक्यानं पेट्या पुसत होते.

माश्या मिळायला वेळ लागला नाही. शेजारच्या आवारात एका कडुनिंबाच्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं होतं. सातेरी म्हणजे आपल्याकडची ती अंधारात, ढोलीत-भिंतीत राहणारी माशी. आग्या माशी उघड्यावर राहते, ती पेटीत येत नाही. बाबांनी तुपाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात गोवरी पेटवली. आईची जुनी मच्छरदाणी कापून टोपीला शिवली. त्या अवतारात ते आणि मी ढोलीपाशी उभे असताना रस्त्यानं जाणारा दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "काय बाबूजी, बारात कुठं निघाली?"

दुपार संपेपर्यंत आम्ही ढोलीतली पोळी कापून, केळीच्या सोपटानं चौकटींना बांधून, माश्या पेटीत आणल्या. मला पाच-सहा डंख बसले. बाबांना किती बसले ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा एक डोळा बंद होता आणि उरलेल्या डोळ्यानं ते पेटीच्या दारासमोर स्टूल टाकून बसले होते.

"राणीसाहेबांचा मुक्काम किती दिवस आहे म्हणे?" आईनं पडवीतून विचारलं.

"कायमचा," बाबा म्हणाले.

तो उन्हाळ्यापर्यंतच टिकला. दहा चौकटींच्या त्या दालनात आमच्या माश्या एका कोपऱ्यात राहिल्या. नवी पोळी त्यांनी चौकटींत बांधलीच नाहीत. चौकटींच्या मधल्या जागेत आडवीतिडवी बांधली, त्यामुळे एक चौकट उचलली की दोन पोळी फाटत. रिकाम्या बाजूला मेणकिडा शिरला, जाळी धरली. एका दुपारी सगळ्या माश्या एकदम बाहेर आल्या, आवारावर एक घिरटी घेतली आणि शेतांच्या दिशेनं निघून गेल्या. बाबा काही पावलं त्यांच्यामागे चालत गेले. मग शेताच्या बांधापाशी थांबले.

मी ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तिका शोधून आणली. तिच्यात सगळं स्पष्ट होतं. विलायती माशी मोठी, तिचं कुटुंब मोठं, म्हणून पेटी मोठी. आपली माशी लहान. तिचं बिऱ्हाड लहान. थंडीत एवढी जागा तिला उबदार ठेवता येत नाही, उन्हाळ्यात एवढ्या कोपऱ्यांवर पहारा ठेवता येत नाही. आणि दोन पोळ्यांच्या मधली वाट तिच्या मापाचीच हवी. दोन माश्या पाठीला पाठ लावून निघून जातील एवढी. त्याहून रुंद ठेवली की ती मध्ये मेणाचे पूल बांधते. देशी माशीसाठी लहान पेटीची मापं पुस्तिकेत दिली होती. मी ती बाबांना वाचून दाखवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तू बनवून आण एक."

मला वाटलं, झालं काम. पण लगेच म्हणाले, "दुसऱ्या कोणासाठी हवी असेल तर. आपल्याकडे सरकारी पेट्या असताना माश्या खोक्यात ठेवायच्या नाहीत." सरकार म्हणजे त्यांच्या लेखी अजून संस्थानच.

मग मी मधला मार्ग काढला. पेटीच कापून लहान करायची. पावसाळ्यात छावणीतून एका सुताराला घेऊन आलो. बोलका माणूस होता. पेटीवर थाप मारून म्हणाला, "माल तो राजशाही है, भिया. इसमें तो दो बन जाएगी." त्याच्या मते माश्यांना खरी गरज होती ती पितळी कडी असलेल्या एका छोट्या दाराची, आणि ते तो फुकट बसवून देणार होता. त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ बरोबर चिन्हाच्या मधून गेली. करवत टेकवणार तेवढ्यात बाबा पडवीतून उतरून आले.

"करवत लावायची नाही."

"पर बाबूजी, छोटी तो काटने से ही होगी."

"नाही लावायची."

सुतार माझ्याकडे बघून हसला. मग अदबीनंच म्हणाला, "बाबूजी, मक्खियों को क्या मालूम, किसका राज है?"

"मला मालूम आहे," बाबा म्हणाले.

सुतारानं करवत पिशवीत घातली. चहा पिऊन, दाराचा विषय पुन्हा एकदा काढून, तो गेला. मी बाबांवर चिडलो होतो. रात्री जेवताना एक शब्द बोललो नाही, आणि त्यांना ते कळलं. आज वाटतं, मी तेव्हा थोडं थांबून त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत तेव्हा अशा वस्तू होत्या. कुणाकडे संस्थानची खुर्ची, कुणाकडे कंदील, कुणाकडे नुसता बिल्ला. खुर्चीचा पाय मोडला तरी दुसरं लाकूड जोडायचं नाही, भिंतीला टेकवून ठेवायची. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या वस्तूला हत्यार लावायचं नाही, हे या माणसांना कोणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या हातातच होतं.

पावसाचा जोर ओसरल्यावर आम्ही दुसरं एक पोळं आणून दुसऱ्या पेटीत ठेवलं. बाबांचं म्हणणं होतं की पहिली पेटी उन्हात होती, चूक जागेची होती. ही पेटी जामच्या सावलीत ठेवली. ते रोज तिच्याशेजारी बसत. माश्यांनी पुन्हा कोपरा धरला, पुन्हा पूल बांधले, पुन्हा किडा आला. यावेळी त्या गेल्या तेव्हा बाबा जागेवरून उठलेदेखील नाहीत.

दुसऱ्या सकाळी त्यांनी साफा बांधला नाही.

आंघोळ केली, पूजा केली, आणि तसेच उघड्या डोक्यानं खुर्चीत येऊन बसले. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी ते जेवले, पण कोशिंबीर मागितली नाही, की भाजीला नाव ठेवलं नाही. पुढचे कितीतरी दिवस तसेच. कोणी भेटायला आलं तर बोलत, नाहीतर नाही.

आणि मला ग्वाल्हेरला जायचं होतं. नव्या राज्याच्या त्या दोन राजधान्या. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, थंडीत ग्वाल्हेरला. दिवाळी झाली की आमच्या कचेरीतल्या पेट्या, कपाटं, फायली, शाईच्या बाटल्यासुद्धा गाडीत चढायच्या, आणि त्यांच्यामागे आम्ही कारकून. उन्हाळा लागला की परत. आदल्या वर्षीही मी गेलो होतो, पण तेव्हा बाबा साफा बांधत होते.

"तू जाशील रे तिकडे," आई म्हणाली. आम्ही विहिरीपाशी होतो. "मी काय करू? ह्यांच्याकडे बघत बसू? माझ्याशी बोलत नाहीत. भांडतसुद्धा नाहीत."

"रजा काढू?"

"नवी नोकरी, रजा काय काढतोस. काहीतरी कर, त्या माश्या आणून दे. ह्या वेळी टिकतील अशा."

टिकतील कशा, हे मला ठाऊक होतं. पण त्याला करवत लागत होती.

त्याच आठवड्यात बंगल्याच्या मालकानं पलीकडचा रिकामा तबेला पाडायला काढला. त्याच्या भिंतीत, पूर्वी जिथं घोड्याचं सामान टांगत असतील तिथल्या कोनाड्यात, माश्यांचं एक जुनं, भरलेलं पोळं होतं. मजूर म्हणाले, परवापर्यंत हलवा, नाहीतर आम्ही जाळून टाकू. मी बाबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कुठं ठेवणार? सोडून दे."

आई आतून आली. हातात सुई-दोरा होता. म्हणाली, "अहो, अंगरख्याला आपण काय करतो?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

आमच्यासारख्या दरबारी घरांत एक रीत होती. संस्थानाकडून मिळालेला अंगरखा बापाकडून मुलाकडे यायचा. मुलगा अंगानं बारीक असला तरी कापडाला कात्री लावायची नाही. बाजूच्या शिवणी आतून घ्यायच्या आणि जास्तीचं कापड आतल्या आत दुमडून टाचायचं. पुढचा माणूस जाड निघाला तर टाके उसवून पुन्हा ढिला करता येई. बाबा दसऱ्याला घालत तो अंगरखा आजोबांचा होता. आजोबा आडव्या अंगाचे होते, बाबा काटकुळे. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नसे.

"पेटीला आतून घ्या की," आई म्हणाली. "बाहेरून आहे तशी राहू दे. आत बारकी करा. माणसाला बसतो तर माशीला नाही बसणार?"

बाबा उठून पेटीपाशी गेले, झाकण उचलून आत बघितलं. मग मला म्हणाले, "ती मापं कुठं आहेत तुझी?"

सफरचंदांच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. बाबांनी स्वतः रंधा मारला, मी धरायला. मोठ्या पेटीच्या आत एक लहान, पुस्तिकेतल्या मापाची पेटी, तिच्यात लहान चौकटी. दोन्ही भिंतींच्या मध्ये लाकडाचा भुसा ठासायचा, म्हणजे थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. मी हातोडी उचलली तर बाबांनी हात धरला.

"खिळा नको. सरकारी लाकडात खिळा जायचा नाही."

"मग आतली पेटी हलेल."

"पाचर मार."

सगळं पाचरींवर बसवलं. चौकटींमधली वाट माझ्याकडून दोनदा चुकली, कारण मी पट्टी बघत होतो. बाबांनी जुन्या चौकटीवर मेलेली एक माशी उचलली, ती चिमटीत धरून तिच्या मापानं फटीचा अंदाज घेतला आणि लाकडाची एक पातळ पट्टी तासली. मग प्रत्येक फटीत ती पट्टी घालून बघितली. कामाला सुरुवात केल्यापासून ते मला रागावू लागले होते. "अरे, सरळ धर. कचेरीत असंच काम करतोस का?" मी दोन वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. ते ऐकून मला किती बरं वाटलं हे त्यांना सांगण्याची सोय नव्हती.

तबेल्यातून माश्या आणल्या. राणी बाबांनीच शोधली आणि दोन बोटांत इतक्या हळूच धरून चौकटीवर सोडली, की मला त्यांच्या कलमं बांधण्याच्या दिवसांची आठवण झाली. सगळं नीट झालं, फक्त एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. बाहेरच्या पेटीचं दार एकीकडे, आतल्या पेटीचं दार त्याच्यामागे चार बोटांवर, आणि मध्ये भुसा. संध्याकाळी परतलेल्या माश्या बाहेरच्या दारातून आत शिरल्या आणि भुशात अडकल्या. आत जाता येईना, बाहेर येता येईना. पेटीतून असा आवाज येऊ लागला की आई हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आली.

"काय केलंत? देवडी ठेवायची विसरलात?"

बाबा पळत जाऊन तुपाचा आणखी एक रिकामा डबा घेऊन आले. धोतराचा सोगा खोचून, चेहऱ्यावर जाळी न घेता, त्यांनी डब्याचा पत्रा कापला, वाकवला, त्याची एक पन्हळ केली आणि दोन्ही दारांच्या मध्ये सरकवली. हातांवर माश्याच माश्या. मी धूर देत होतो आणि तो सगळा त्यांच्या डोळ्यांत जात होता. "मला कशाला धूर देतोस, त्यांना दे!" ते ओरडले. अंधार पडायच्या आत भुशातल्या माश्या पन्हळीतून आत गेल्या. आवाज खाली आला. बाबा जमिनीवर बसले. हात सुजून भाकरीसारखे झाले होते, आणि ते हसत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ग्वाल्हेरला गेलो. मी स्टेशनवर जायला निघालो तेव्हा बाबा पेटीपाशी होते. साफा बांधलेला होता.

त्या थंडीत ग्वाल्हेरला मला रोज सकाळी उठल्याबरोबर पेटी आठवे. माळव्यात थंडी पडली असेल का, भुसा पुरेल का. खोलीतले सोबती म्हणत, "याच्या माश्यांचं हवामान खातं उघडलं." पण खरं सांगायचं तर मला काळजी माश्यांची नव्हती. त्या गेल्या तर आई मला बोलावून घेईल, आणि मला जावं लागेल, आणि मला जायचं नव्हतं. घराबाहेर मला मोकळं वाटत होतं. सिनेमा बघायला जात होतो, मित्रांबरोबर फिरत होतो. माश्या टिकाव्यात ही माझी प्रार्थना होती, आणि ती बाबांसाठी होती असं मी स्वतःला सांगत होतो.

माश्या टिकल्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कचेरीबरोबर मीही परतलो. टांगा फाटकाशी थांबला तर आवारातून करवतीचा आवाज येत होता. बाबा उकिडवे बसून दुसरी पेटी कापत होते. तीही चिन्हाचीच. अर्धी कापून झाली होती.

मी सामान हातात धरून उभा राहिलो. ते म्हणाले, "आलास? धर जरा इकडून."

"ही कापताय?"

"आतल्या पेटीत मावत नाहीत त्या आता. नवी राणी तयार होतेय. चार दिवसांत निम्म्या निघतील, त्यांना घर नको का? आणि बाजारात असं लाकूड कुठं मिळतंय."

"मग पहिल्यासारखं आतून घेतलं असतं की. भुसा आहे."

"ते एकाच बिऱ्हाडाला ठीक," ते म्हणाले. "हिच्यात दोन होतात. सुतार तेच म्हणत होता, मूर्ख. धर नीट."

मी धरलं. करवत चिन्हाजवळ आली तेव्हा ते थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. हात मात्र थोडा हळू झाला. नंतर त्या दोन लहान पेट्यांवर अर्ध्या-अर्ध्या चिन्हाच्या फळ्या बसल्या होत्या, त्या त्यांनी मागच्या बाजूला वळवून लावल्या. आईनं त्याबद्दल त्यांना काही विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही.

पुढची वर्षं त्या आवारात पेट्या वाढत गेल्या. बाबांनी आणखी मापं बदलून पाहिली. माळव्याच्या थंडीसाठी पुस्तिकेतल्यापेक्षा एक चौकट कमी चालते, हे त्यांनी शोधलं. झाकणाखाली गोणपाटाचा तुकडा घालायचा, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत, हे सगळं तेव्हाचं. आजही मी तेच करतो. मध निघायचा तो थोडाच. लहान बाटल्यांत भरून ते जुन्या खात्यातल्या लोकांकडे स्वतः नेऊन देत. ते लोकही पडवीत खुर्ची टाकून बसलेले असत. बाबा तिथं बसत नसत. पेटी बघायची आहे, म्हणून उठून येत.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत राहिला नाही, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. आता अर्धं वर्ष इकडे आणि अर्धं तिकडे असं काही नव्हतं. कचेरी जाणार ती कायमची.

मी दोघांना चला म्हणालो. म्हणायला हवं म्हणून म्हणालो की मनापासून, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "आणि ह्यांना कोण बघेल?" त्यावर मी आग्रह केला नाही. आईला यायचं होतं का? तिनं एकदा भोपाळला तळं आहे ना रे, असं विचारलं होतं. मोठं आहे म्हणतात, मी म्हणालो. तुला यायचंय का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर मला काहीतरी करावं लागलं असतं. बाबांना सोबत माश्यांची होती. आईला बाबांची होती, असं मी धरून चाललो. त्या माश्या तिला बाबांसाठी हव्या होत्या, की मला मोकळं सोडता यावं म्हणून ती मागत होती, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला. तोवर ती नव्हती.

निघण्याच्या दिवशी सकाळी एका पेटीतून थवा उठला आणि जामच्या फांदीला लटकला. बाबा शिडी लावून चढले होते, हातात टोपली, डोक्यावर जाळी. खाली आई शिडी धरून उभी. टांगा फाटकाशी येऊन थांबला होता, टांगेवाला घाई करत होता. मी आईच्या पाया पडलो. तिनं एका हातानं शिडी धरून दुसरा माझ्या डोक्यावर ठेवला. मग मी शिडीखाली उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, येतो मी."

"हं," ते वरून म्हणाले. फांदी हलू नये म्हणून श्वास धरला होता त्यांनी. टोपली थव्याखाली आली, फांदीला एक हलका झटका बसला आणि माश्यांचा अख्खा घड टोपलीत पडला. मग ते बोलले, पण नजर टोपलीवरच होती. "जा, गाडी चुकेल. आणि फाटक लावून घे जाताना. कालपासून ती गाय आत येतेय."

मी फाटक लावून घेतलं आणि टांग्यात बसलो.